फ्रेममध्ये काय दिसतं आणि काय सुटतं? बेसबॉल पिचरच्या व्हिडिओ-विश्लेषणाविषयी

क्रीडाविज्ञान, जैवयांत्रिकी किंवा शारीरिक शिक्षणात पीएच.डी. करायची ठरवलेल्यांकडून एक आराखडा हमखास ऐकायला मिळतो. मोबाइलवर खेळाडूंचे व्हिडिओ काढायचे, एखाद्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सांध्यांचे कोन मोजायचे, चांगल्या आणि सामान्य खेळाडूंची तुलना करायची आणि शेवटी ‘योग्य तंत्र’ कोणतं ते सांगायचं. खर्च कमी, उपकरण खिशातच, विषयही दिसायला छान. आराखडा वाईट नाहीच. पण ‘कोन मोजायचे’ या दोन शब्दांच्या पोटात बरेच निर्णय दडलेले असतात, आणि सारांश सादर करताना नेमके त्यांच्यावरच प्रश्न येतात.

हे निर्णय समजून घ्यायला मी मुद्दाम बेसबॉल निवडतोय. व्हिडिओवरून खेळाडू तपासण्याचं काम या खेळात जितकं झालंय तितकं क्वचितच कुठे झालं असेल. शिवाय इथे चुकीच्या निष्कर्षाची किंमत कुणीतरी कोपराने मोजतो, हे शब्दशः खरं आहे.

खेळ माहीत नसेल तर एवढंच लक्षात घ्या. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. तो होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे साधारण १८.४४ मीटरवर, मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहून चेंडू फेकतो. क्रिकेटच्या गोलंदाजासारखी धाव नाही आणि हात सरळ ठेवायचं बंधनही नाही, कोपर वाकवून फेकायचीच मुभा आहे. ताशी ९० मैलांचा (साधारण १४५ किलोमीटर) चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटरपर्यंत ०.४ सेकंदात पोचतो. पायाने जमीन धरल्यापासून चेंडू सुटेपर्यंतचा काळ तर त्याहून कमी, सुमारे ०.१४५ सेकंद. पिचरच्या तंत्राबद्दल जे काही वाद आहेत ते बहुतेक या ०.१४५ सेकंदातच घडतात.

कॅमेरा आणि बेसबॉल यांची ओळख जुनी आहे. एडवर्ड मायब्रिजच्या १८८७ च्या ‘अ‍ॅनिमल लोकोमोशन’ या छायाचित्रमालिकेत घोडे आणि माणसं आहेत, तसे बेसबॉल फेकणारे आणि मारणारेही आहेत. पण रोजच्या सरावात व्हिडिओ आणणारा खेळाडू म्हणून सगळ्यांच्या तोंडी नाव येतं ते सॅन डिएगो पाद्रेसच्या टोनी ग्विनचं. १९८३ मध्ये त्याची फलंदाजी घसरली होती, तेव्हा त्याने पत्नी अ‍ॅलिसियाला घरी टीव्हीवरचे सामने व्हीसीआरवर टेप करून ठेवायला सांगितलं. नंतर तर तो दौऱ्यांवरही व्हिडिओची उपकरणं घेऊन फिरायचा, आणि त्याला ‘कॅप्टन व्हिडिओ’ असं नावच पडलं. नॅशनल लीगमधल्या सर्वोत्तम फलंदाजीच्या सरासरीचा मान त्याने आठ वेळा मिळवला. व्हिडिओमुळेच मिळवला असं म्हणणं अर्थातच संशोधकाला शोभणार नाही! पण ग्विनच्या पद्धतीतली एक गोष्ट वहीत लिहून ठेवा: तो स्वतःची तुलना स्वतःशी करत होता. तोच बॅटर, तेच शरीर, टीव्हीवरचा तोच नेहमीचा कोन, फक्त दिवस वेगळा. ही तुलना फार मजबूत असते. याउलट ‘आदर्श खेळाडू’ घेऊन बाकीच्यांना त्याच्या शेजारी उभं केलं की उंची, हाडांची लांबी, सांध्यांची लवचीकता असं सगळंच बदलतं, आणि फरक तंत्राचा की शरीराचा हे सांगता येत नाही.

उलट्या डब्ल्यूची गोष्ट

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत एक शब्दप्रयोग खूप गाजला: ‘उलटा डब्ल्यू’. पिचरचा पुढचा पाय जमिनीवर टेकायच्या सुमारास त्याची दोन्ही कोपरं खांद्यांच्या रेषेत किंवा वर गेलेली आणि हात खाली लोंबणारे, अशी ही स्थिती. (सरळ ‘एम’ म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण नाव एकदा चिकटलं की चिकटतं.) या स्थितीत फेकणाऱ्याचा खांदा किंवा कोपर जाणार, असं इंटरनेटवरचे विश्लेषक छातीठोकपणे सांगू लागले. पुरावा म्हणून दोन नावं पुढे यायची. एक शिकागो कब्जचा मार्क प्रायर. २००३ मध्ये त्याने अठरा सामने जिंकले होते, पण दुखापतींमुळे २००६ नंतर तो मेजर लीगमध्ये फेकूच शकला नाही. दुसरा वॉशिंग्टन नॅशनल्सचा स्टीफन स्ट्रासबर्ग. जून २०१० मध्ये पहिल्याच सामन्यात त्याने १४ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच्या कोपरावर ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया झाली.

या शस्त्रक्रियेत कोपराच्या आतल्या बाजूचा फाटलेला अल्नर कोलॅटरल लिगामेंट बदलून तिथे शरीरातलाच दुसरा स्नायुबंध बसवतात. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये ती पहिल्यांदा टॉमी जॉन या पिचरवर केली, म्हणून हे नाव.

प्रायरच्या उदाहरणात संशोधनाचा विद्यार्थी म्हणून तुमचे कान टवकारले पाहिजेत. दुखापत होण्याआधी याच प्रायरची फेक ‘जवळजवळ निर्दोष’ म्हणून दाखवली जायची. खेळाडू तोच, व्हिडिओ तोच. निकाल कळला आणि दोष ‘दिसू’ लागला. याला पश्चातदृष्टीचा पूर्वग्रह म्हणतात, आणि व्हिडिओवर आधारलेल्या अभ्यासाला तो सगळ्यात आधी ग्रासतो. कारण स्थिरचित्र निवडायचं काम माणूसच करतो. शंभर फ्रेममधून हवी ती फ्रेम थांबवली की हवा तो दोष सापडतो.

पुढे या दाव्याची रीतसर तपासणी झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यावसायिक पिचरांचे व्हिडिओ बघून प्रत्येकाची दोन गोष्टींसाठी वर्गवारी केली: उलटा डब्ल्यू आहे का, आणि धड वेळेआधी वळतंय का. मग कुणावर शस्त्रक्रिया झाली हे पाहिलं. उलट्या डब्ल्यूचा शस्त्रक्रियेशी ठोस संबंध सापडला नाही. धड लवकर वळण्याचा मात्र सापडला. मला यातली गंमत अशी वाटते की पहिली गोष्ट ‘आकार’ आहे आणि दुसरी ‘वेळ’. आकार एका फोटोत दिसतो, म्हणून तो लोकप्रिय झाला. वेळ बघायला आख्खा क्रम लागतो: पाय कधी टेकला, कंबर कधी वळली, खांदे कधी वळले आणि तोवर हात कुठे पोचला होता. व्हिडिओची खरी ताकद या क्रमातच आहे, आणि आपण बऱ्याचदा तो थांबवून त्याचा फोटो करून टाकतो.

मग क्रम मोजायचा कसा? फ्रेमचं गणित

इथे थोडं गणित करू, कागद जवळ घ्या. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंदांचं अंतर. पाय टेकण्यापासून चेंडू सुटेपर्यंतच्या १४५ मिलिसेकंदांत तुम्हाला चार, फार तर पाच फ्रेम मिळतील. त्यातला सर्वांत वेगवान टप्पा, हात मागे पूर्ण ताणला गेल्यापासून चेंडू सुटेपर्यंतचा, तीसेक मिलिसेकंदांचा आहे. तो दोन फ्रेमच्या मधल्या फटीत आख्खा निसटू शकतो. प्रयोगशाळेतल्या मोजमापांनुसार या वेळी दंडाचं हाड स्वतःभोवती आतल्या दिशेने फिरतं तो कमाल वेग सेकंदाला सुमारे ७००० अंश असतो. ७००० भागिले ३० म्हणजे एका फ्रेमला २३३ अंश! मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्येही हा आकडा २९ अंश येतो. म्हणजे ‘हात जास्तीत जास्त मागे गेला तो क्षण’ तुम्ही एका फ्रेमने चुकलात तर कोनात मोठी चूक होऊ शकते, आणि दोन गटांमधला जो फरक तुम्ही शोधताय तो कदाचित दहा अंशांचाच असेल.

फ्रेमदरासोबत शटरचा वेगही लिहून ठेवायचा. बरेच विद्यार्थी हे विसरतात, कारण मोबाइल तो आपोआप ठरवतो. चेंडू सुटताना त्याचा वेग सेकंदाला ४० मीटर धरा. शटर १/२४० सेकंद उघडं राहिलं तर चेंडूची १७ सेंटिमीटर लांब रेघ दिसेल. १/१००० ला चार सेंटिमीटर, १/४००० ला एक. मनगटाचा बिंदू त्या रेघेत नेमका कुठे ठेवायचा? कुठेही ठेवा, तो अंदाजच. शटर जलद करायचं तर भरपूर प्रकाश हवा, म्हणून संध्याकाळच्या सरावाऐवजी सकाळी दहा-अकराचं ऊन बघा. मोबाइलचा सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे वेगाने फिरणारी बॅट कधी कधी वाकडी दिसते, तेही ध्यानात असू द्या. तो बॅटरचा दोष नव्हे.

आणि मोबाइलच्या खोक्यावर लिहिलेल्या आकड्यावर भाबडेपणाने विश्वास ठेवू नका. काही फोनमधल्या ‘९६०’ फ्रेमपैकी बऱ्याच फ्रेम सॉफ्टवेअरने मधल्या मध्ये बनवलेल्या असतात. काही फोन फ्रेमदर स्थिर ठेवत नाहीत. तपासायला महागडं काही लागत नाही. भिंतीवर एक मीटरची खूण करा, तिथून चेंडू सोडा आणि फ्रेम मोजा. एक मीटर पडायला ०.४५ सेकंद लागतात, म्हणजे २४० च्या दराने १०८ फ्रेम यायला हव्यात. दहा वेळा करा, सरासरी आणि विचलन काढा. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात हे अर्ध्या पानाचं कोष्टक असलं की परीक्षकाचा अर्धा रोख तिथेच मावळतो.

सपाट पडदा, गोल शरीर

एक प्रयोग आत्ताच करून बघा. जाड कागदाची ‘एल’ आकाराची पट्टी कापा, कोन बरोबर ९० अंशांचा. ती समोर धरून फोटो काढा. आता कोपऱ्याच्या मधून जाणारी रेषा अक्ष समजून पट्टी ४५ अंश फिरवा आणि पुन्हा काढा. फोटोतला कोन मोजलात तर ७० अंशांच्या आसपास येईल. पट्टी बदलली नाही, कोन बदलला नाही, बदललं फक्त तुमच्याकडचं तोंड. पिचरचा हात तर फेकीच्या दरम्यान तिन्ही दिशांना फिरतो. बाजूने लावलेल्या एका कॅमेऱ्यातून काढलेला ‘कोपराचा कोन’ हा कोपराचा कोन नसून त्याची सावली असते.

क्रिकेट बघणाऱ्यांना हे सांगायची खरं तर गरज नाही. मुथय्या मुरलीधरनचा वाद आठवा. त्याचं कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. वाकलेलाच हात वेगाने फिरला की टीव्हीवर तो सरळ होतोय असा भास व्हायचा. पर्थच्या युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या त्रिमितीय मोजणीनेच तो भास आणि प्रत्यक्ष यांतला फरक दाखवला. आज आयसीसीची १५ अंशांची मर्यादा तपासायची असते तेव्हाही गोलंदाजाला प्रयोगशाळेत पाठवतात, टीव्हीच्या एका कॅमेऱ्यावर निकाल देत नाहीत.

मग एका कॅमेऱ्यात काहीच मोजता येत नाही का? येतं. पावलाची लांबी, पुढच्या गुडघ्याचं वाकणं, धडाचा पुढे झुकाव, वेगवेगळ्या क्षणांमधला काळ, अशी जी हालचाल बरीचशी एकाच प्रतलात होते ती मोजता येते. अट एवढीच की कॅमेरा त्या प्रतलाला काटकोनात आणि लांब हवा. लांब का, ते बघा: कॅमेरा पाच मीटरवर असताना पिचरचा पाय प्रतलापासून अर्धा मीटर तुमच्याकडे आला तर तो ११ टक्के मोठा दिसेल. वीस मीटरवरून झूम करून घेतलंत तर चूक अडीच टक्क्यांवर येते. ट्रायपॉड चार पावलं मागे न्यायला पैसे लागत नाहीत.

त्रिमितीय मोजणी हवी तर किमान दोन कॅमेरे, त्यांची वेळ जुळवलेली, आणि कॅलिब्रेशन. अब्देल-अझीझ आणि करारा यांनी १९७१ मध्ये मांडलेली डायरेक्ट लिनियर ट्रान्सफॉर्मेशन ही पद्धत अजूनही पाया म्हणून शिकवली जाते. तिच्यात प्रत्येक कॅमेऱ्यासाठी ११ गुणांक काढायचे असतात आणि त्यासाठी अवकाशात ठाऊक असलेले किमान सहा बिंदू लागतात. अलीकडे स्टॅनफर्डचं ओपनकॅप दोन आयफोनवर हे काम बरंच सोपं करतं. मेजर लीगच्या मैदानांवर २०१५ पासून स्टॅटकास्ट आहे, आणि २०२० पासून त्यासाठी प्रत्येक मैदानावर हॉक-आयचे बारा कॅमेरे बसवले आहेत. खेळाडूच्या अंगावर एकही मार्कर न चिकटवता सांध्यांच्या जागा मिळतात.

ऐकून हुरळून जाऊ नका. मार्कर नसलेली प्रणाली खांदा, कोपर, मनगट असे बिंदू ओळखते. दंडाचं हाड स्वतःभोवती किती फिरलं हे तिला थेट दिसत नाही, ते मनगट कुठल्या दिशेला आहे यावरून काढावं लागतं. कोपर वाकलेलं असेपर्यंत ठीक. चेंडू सुटताना कोपर सरळ होत जातं, आणि पूर्ण सरळ हातात खांदा-कोपर-मनगट एका रेषेत आले की दंड कितीही फिरवा, तीन बिंदू जागचे हलत नाहीत. (हात पुढे ताणून करून बघा.) म्हणजे ज्या क्षणी आपल्याला सगळ्यात जास्त माहिती हवी, त्याच क्षणी ही पद्धत सगळ्यात कमकुवत होते.

जे फ्रेममध्ये नाहीच

पिचरची दुखापत हा बलांचा प्रश्न आहे. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटमधून ग्लेन फ्लायसिग आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दिलेला आकडा असा की फेकताना कोपराची आतली बाजू फाकू नये म्हणून सुमारे ६४ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. मृतदेहांच्या कोपरांवरच्या चाचण्यांमध्ये हा लिगामेंट सुमारे ३२ न्यूटन-मीटरला तुटला होता. उरलेला भार स्नायू आणि हाडांची ठेवण उचलतात. म्हणजे जोरदार फेक करणारा पिचर दर चेंडूला त्या लिगामेंटच्या मर्यादेजवळ वावरत असतो. दोन पिचरांचे व्हिडिओ हुबेहूब सारखे असतील, पण एकाचे स्नायू थकलेले असतील तर आत काय चाललंय ते पडद्यावर उमटणार नाही.

व्हिडिओवरून बल काढता येतं, पण अप्रत्यक्षपणे. स्थितीवरून वेग, वेगावरून त्वरण, आणि अवयवांची वस्तुमानं गृहीत धरून मग टॉर्क. यात एक सापळा आहे. समजा तुमच्या बिंदूच्या जागेत फक्त एक मिलिमीटरची यादृच्छिक चूक आहे. सलग तीन फ्रेमवरून त्वरण काढलं, तर सेकंदाला ३० फ्रेमच्या दराने त्यातली चूक सुमारे २ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. तीच चूक २४० च्या दराने १४१ होते, गुरुत्वत्वरणाच्या चौदापट! कारण काळाच्या अंतराच्या वर्गाने भागलं जातं. फ्रेमदर वाढवला की क्षण नेमका सापडतो, पण गोंगाटही वाढतो. म्हणून गाळणी वापरतात, बहुधा बटरवर्थ लो-पास फिल्टर. तिची कटऑफ वारंवारता किती घेतली यावर तुमचं सर्वोच्च मूल्य वरखाली होतं. ‘सॉफ्टवेअरने दिलं’ हे उत्तर व्हायव्हामध्ये चालत नाही. किती हर्ट्झ आणि का, हे सांगता आलं पाहिजे.

बघणारे दोन, दोष एक?

अनेक चांगले अभ्यास कोन मोजतच नाहीत. प्रशिक्षक किंवा तज्ज्ञ व्हिडिओ बघून ‘धड लवकर वळलं: हो/नाही’ असं नोंदवतात. ही पद्धत कमी दर्जाची मुळीच नाही, पण दोन निरीक्षकांचं किती जुळतं हे दाखवावं लागतं. इथे टक्केवारी फसवते. समजा दोघेही ९० टक्के फेकींना ‘दोष नाही’ म्हणतात. मग डोळे मिटून शेरे मारले तरी ८२ टक्के वेळा दोघांचं जुळेल (०.९ गुणिले ०.९, अधिक ०.१ गुणिले ०.१). अशात तुमची ८६ टक्के सहमती म्हणजे कोहेनचा कॅपा ०.२२, अगदीच तोकडा. सलग मूल्यांसाठी आयसीसी (क्रिकेटवाली नव्हे, इंट्राक्लास कोरिलेशन कोएफिशंट!) आणि ब्लांड-ऑल्टमन आलेख वापरतात.

निरीक्षकाला कोण जखमी झालं, कोण राज्य संघात आहे हे माहीत असता कामा नये. क्लिपचा क्रम मिसळलेला असावा, शक्य असेल तर चेहरा झाकलेला. आणि दहा पिचरांच्या प्रत्येकी वीस फेकी घेतल्या तर तुमचा नमुना दोनशेचा होत नाही. फेकी दोनशे, माणसं दहाच. एकाच माणसाच्या फेकी एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे मिश्र परिणाम प्रतिमान किंवा निदान प्रत्येक खेळाडूची सरासरी घ्यावी लागते. ही चूक छापून आलेल्या लेखांतही भेटते.

आतापर्यंत सगळं हालचालीबद्दल बोललो. कौशल्य ही आणखी वेगळी गोष्ट. २००८ मध्ये भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ ही स्पर्धा झाली. रडार गनवर वेग मोजून मुलं निवडली गेली, आणि दिनेश पटेल व रिंकू सिंग (क्रिकेटमधला नव्हे) या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. दोघांपैकी कुणीही मेजर लीगपर्यंत पोचलं नाही. वेग हा कौशल्याचा एक घटक. चेंडू हव्या त्या जागी टाकणं, एकाच हालचालीतून वेगवेगळे चेंडू काढणं, थकल्यावरही तेच करणं, हे रडार सांगत नाही. बॅटरच्या बाबतीत तर बॅट फिरवायची की नाही हा निर्णयच कौशल्याचा मोठा भाग. तो तपासायला व्हिडिओ उलट्या बाजूने वापरतात: पिचरची फेक दाखवायची, चेंडू सुटायच्या क्षणी चित्र काळं करायचं आणि विचारायचं, कोणता चेंडू येतोय? याला कालिक अवरोध पद्धत म्हणतात. कमी खर्चात, एका खोलीत करता येणारा हा सुंदर प्रयोग आहे. मर्यादा अशी की तोंडाने उत्तर देणं आणि खरी बॅट फिरवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

आता ज्यासाठी एवढा खटाटोप, त्या मुलांकडे येऊ. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ९ ते १४ वर्षांच्या ४७६ पिचरांचा हंगामभर पाठपुरावा केला. त्यात मुलाखती होत्या, चेंडूंची मोजणी होती आणि फेकीचे व्हिडिओसुद्धा होते. कोपर-खांद्याच्या दुखण्याशी स्पष्ट संबंध दिसला तो टाकलेल्या चेंडूंच्या संख्येचा. २०११ च्या दुसऱ्या अभ्यासात ४८१ मुलांना दहा वर्षं फॉलो केलं. वर्षाला शंभरापेक्षा जास्त इनिंग टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीची शक्यता साडेतीन पट निघाली. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या ‘पिच स्मार्ट’ या मार्गदर्शक सूचनांमध्ये वयानुसार चेंडूंची मर्यादा आणि विश्रांतीचे दिवस असतात. म्हणजे बाराशे फ्रेम तपासून जे हाती लागत नाही, ते कधी कधी स्कोअररच्या वहीत असतं. तुमच्या आराखड्यात व्हिडिओ असेल तर त्याच्या शेजारी चेंडूंची नोंद ठेवायची एक वही असू द्या. नाहीतर पुढे दिसलेला फरक तंत्रामुळे की कामाच्या ताणामुळे, हे वेगळं काढताच येणार नाही.

आपल्याकडेही शालेय स्पर्धांत बेसबॉल-सॉफ्टबॉल आहे, तेव्हा हा अभ्यास इथे करता येईल. वय अठराखाली असेल तर पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची मान्यता, दोन्ही लागतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते आहे, आणि नैतिकता समिती ते बघतेच. व्हिडिओत चेहरा असतो, म्हणून ‘नावं गुप्त ठेवू’ एवढं लिहून भागत नाही. मूळ फाइल कुठे राहील, कोण उघडेल, कधी पुसली जाईल ते लिहा. आणखी एक ओळ संमतिपत्रात मुद्दाम घाला. व्हिडिओ काढून झाले की प्रशिक्षक जवळ येतात आणि विचारतात, “मग सर, यांच्यात कोण चांगला?” तुमच्या मोजणीतली चूक दहा अंशांची असताना त्या उत्तरावर तेरा वर्षांच्या मुलाची निवड ठरू शकते. म्हणून अभ्यास संपेपर्यंत कोणत्याही खेळाडूचे गुण निवडीसाठी दिले जाणार नाहीत, हे आधीच छापून, प्रशिक्षकांची सही घेऊन ठेवा.